काट्याने लेथ सोडली

कारखान्यात त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. मिसरूड फुटलं तेव्हापासून तो एकाच लेथ मशीनपुढे उभा होता आणि हात असा बसला होता, की त्याचा माल तपासायच्या भानगडीत कुणी पडत नसे. संध्याकाळी घरी आला, की हाताचं ग्रीस खसाखसा घासून काढायचा आणि मागच्या खोलीत क्लॅरिनेट घेऊन बसायचा.

एका मोठ्या हॉटेलात जेवणाच्या वेळी वाद्यवृंद वाजे. तिथला क्लॅरिनेटवाला आजारी पडला, म्हणून कुणीतरी काट्याचं नाव सुचवलं आणि त्याला बोलावणं आलं. पुढे मालकच म्हणाला, “कायमचाच ये की!” ज्याच्यासाठी इतकी वर्षं जीव टाकला, ते आपल्या पायांनी चालत दारात आलं. पण आत काही हललं नाही. राजीनामा देतानाही नाही.

फोरमन खवळला. “डोकं ठिकाणावर आहे ना? पिपाण्या वाजवून पोट भरतं का?”

“बघू,” काटा म्हणाला.

बायकोने आकांडतांडव केलं नाही. “करा काय करायचं ते. उद्या माझ्या नावाने खडे फोडू नका, म्हणजे झालं.”

मग काळा कोट चढवून तो रोज वाजवू लागला. लोक जेवत, चमचे खणखणत. एकही सूर ढळत नसे. कधीमधी कुणी टाळी वाजवी, तो मान लववी.

एकदा फोरमन सहकुटुंब जेवायला आला. वादन थांबल्यावर हळूच जवळ येऊन म्हणाला, “तुझ्या मशीनवर दोघं आले नि गेले. निम्मा माल भंगारात जातोय. परत ये, साहेबांशी मी बोलतो.”

काट्याने लेथची घरघर, तापल्या तेलाचा वास आठवून पाहिला. ओढ वाटली नाही. हातातल्या क्लॅरिनेटकडे पाहिलं. त्याचीही नाही.

“नको,” तो म्हणाला.

“एवढा सुखात आहेस इथं?”

“इथं आहे.”

घरी त्याने सगळं सांगितलं. बायकोने विचारलं, “मग बरं वाटलं की वाईट?”

“दात काढताना सुई देतात ना, तसं झालंय गं. गाल आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही.”

“ते उतरतं हो,” ती म्हणाली.

“उतरत असेल.”

त्याने पाटावरचं ताट पुढे ओढलं आणि जेवू लागला. हॉटेलातली नोकरी त्याने सोडली नाही. अजून तिथंच वाजवतो.