सिस्टरांना न्यूट्रल सापडतो

घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, जखमांच्या पट्ट्या बदलणाऱ्या बाईंना अख्खी वस्ती ‘सिस्टर’ म्हणायची, आणि त्यांना मोटारसायकलवरून पोचवणाऱ्या नवऱ्याला ओघानंच ‘मिस्टर’. सत्तावीस वर्षांत मिस्टरांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही ते मनाला लावून घेतलं नव्हतं.

मग मिस्टर स्टुलावर चढून कपाटावरची सुटकेस काढायला गेले. सुटकेस आधी खाली आली, मिस्टर तिच्यावर. डावा घोटा मोडला. सहा आठवडे प्लॅस्टर. गियर टाकायचा तो डाव्या पायानं, त्यामुळे गाडीही आजारी रजेवर गेली.

सिस्टर चार दिवस पायी हिंडल्या. पाचव्या दिवशी त्यांनी शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज भरला. वय बावन्न.

लायसन्स हातात पडल्यावर मिस्टर दारात खुर्ची टाकून शिकवायला बसले. काही इजा नको म्हणून त्यांनी बायकोला आपले जाड बूट घालायला लावले होते. पुढे दोन-दोन मोजे कोंबून. पहिला गियर खाली, बाकीचे वर, हे सिस्टरांना पंधरा मिनिटांत जमलं. घोडं अडलं ते न्यूट्रलपाशी. तो पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी होता म्हणे. सिस्टरांनी पाय वर उचलला की दुसरा पडायचा, खाली दाबला की पहिला. क्लच सोडला की गाडी आचका देऊन बंद.

“अर्धंच उचल,” मिस्टर म्हणाले.

“अर्धं म्हणजे किती?”

“म्हणजे... अर्धं.”

“अहो, इतकी वर्षं चालवताय आणि सांगता येत नाही?”

“मी कधी विचारच केला नाही गं. पाय आपला आपण करतो.”

“मग विचारा त्याला.”

मिस्टरांनी प्लॅस्टरकडे पाहिलं. पाय काही बोलला नाही.

आठ दिवस हेच चाललं. नवव्या दिवशी सकाळी सिस्टर एका म्हाताऱ्या आजींचं रक्त घेऊन आल्या. हातात शीर म्हणून दिसत नव्हती.

“मग काय केलंस?” मिस्टरांनी विचारलं.

“काय करणार? बघणं सोडलं. बोटानं चाचपत गेले, लागली हाताला.”

बोलता बोलता त्या थांबल्या. खाली बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि आपले पातळ तळव्याचे कापडी बूट चढवले. गाडी सुरू करून पहिला टाकला. मग डोळे मिटून पायाचा चवडा गियरच्या दांडीखाली सरकवला आणि हळूच उचलला. बोटांना बारीकसं ‘टिक्’ जाणवलं. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला. क्लच सोडला, तरी गाडी जागच्या जागी गुरगुरत राहिली.

मिस्टर टाळ्या वाजवायला उठले आणि प्लॅस्टरच्या पायावर उभे राहिले. ते एवढ्या जोरात ओरडले, की शेजारी धावत आले. सिस्टरांनी आधी मिस्टरांच्या पायाच्या बोटांचा रंग तपासला, मग त्यांना खुर्चीत बसवलं, आणि पुन्हा जाऊन चारदा न्यूट्रल शोधला. चारही वेळा सापडला.

पुढच्या महिन्यात त्यांना पक्कं लायसन्स मिळालं. त्याच आठवड्यात प्लॅस्टर निघालं.

“उद्यापासून मी सोडतो तुला,” मिस्टर म्हणाले.

“घाई काय आहे? पायात जोर येऊ द्या.”

जोर यायला वर्ष लागलं. तोवर सकाळी हाताला काही काम नसल्यामुळे मिस्टर पोहायला शिकले.