गयाबाईंची गिनती

सकाळी बरोबर सातला गयाबाई ओट्यावर यायच्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "एक." मग शेजारच्या कमलाबाई "दोन", समोरच्या सकीनाबी "तीन", आणि शेवटी मी, निवृत्त मास्तर, "चार". जन्मभर हजेरी घेतली. म्हातारपणी द्यायची वेळ आली. आम्ही चौघंही एकेकटे राहणारे, मुलं बाहेरगावी.

गयाबाई हर्सूलच्या तुरुंगात तीस वर्षं शिपाई होत्या. बायकांच्या बराकीतली सकाळ-संध्याकाळची गिनती त्यांच्याकडे. खाकी उतरली, पण आवाज तसाच राहिला.

गल्लीतली गिनती सुरू झाली ती त्यांच्या विलासने पुण्याहून रोबो आणल्यावर. कोहळ्याएवढा, पांढरा, डोळे मिचकावणारा. दिवसातून चारदा तो विचारायचा, "आई, आपण बऱ्या आहात ना?" उत्तर नाही मिळालं की विलासला निरोप जायचा. गयाबाई मुद्दाम उत्तर देत नसत. शेवटी विलासने बजावलं, आता एकदा जरी चुकलं तरी घराला कुलूप आणि तू पुण्याला.

गयाबाई भडकल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, गिनती करनाराला उठून दारापतुर यावं लागतं. ह्यो बसल्या जागी चुगल्या करतो. पडलेल्या मानसाला हात कोन देनार?" त्याच दिवशी त्यांनी आम्हाला आकडे वाटले, आमच्या घरांच्या किल्ल्या कमरेला लावल्या आणि स्वतःची माझ्याकडे दिली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

एका सकाळी "दोन"नंतर काहीच आलं नाही. मी चपला शोधतोय तोवर गयाबाई काठी टेकत सकीनाबींच्या दारात पोचल्या होत्या. सकीनाबी न्हाणीत पडलेल्या, मांडीचं हाड मोडलेलं. गयाबाईंनी आणि मी त्यांना दवाखान्यात नेलं आणि दिवसभर तिथंच थांबलो. इकडे रोबो रिकाम्या खुर्चीला प्रकृती विचारत बसला. संध्याकाळी विलास गाडी घेऊन हजर. कमलाबाईंनी सांगितल्यावर तो तणतणत दवाखान्यात आला आणि आईला म्हणाला, चल, सामान भर.

सकीनाबींनी त्याला खाटेजवळ बोलावलं. "बेटा, तेरी अम्मा नइं आती तो मैं वहींच पडी रहती."

दुसऱ्या दिवशी विलास एकटाच परत निघाला, तेव्हा गयाबाईंनी रोबो खोक्यात घालून त्याच्या गाडीत ठेवला. "ह्यो तुलाच ऱ्हाऊ दे. तिकडं पुन्यात तुला कोन मोजतंय?"

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी "एक" आला नाही. मी किल्ली लावून दार उघडलं. त्या झोपेतच गेल्या होत्या. पाच मिनिटांच्या आत आम्ही तिघं त्यांच्यापाशी होतो, सकीनाबी वॉकर घेऊन. याचा मला अभिमान वाटतो, आणि रडूही येतं.

तेराव्यानंतर मी आपलं सुचवलं, आकडे नव्याने लावून घेऊ. सकीनाबींनी वॉकर आपटला. "एक उनका है, मास्टर."

आता सातला आम्ही तिघं दारात येतो, एक म्हणायला लागेल एवढा वेळ थांबतो, आणि मग कमलाबाई "दोन" म्हणतात.