भरताड

आमच्या कलापथकात चाल आधी व्हायची, शब्द मागून. तासगावचे पेटीवाले काका पेटीवर चाल बांधायचे आणि मी, पंचायत समितीतला कारकून, तिच्यावर शब्द बसवायचो. खरे शब्द सुचेपर्यंत मात्रा सांभाळायला काहीतरी अद्वातद्वा म्हणून घ्यायचं. त्याला आम्ही भरताड म्हणायचो.

सत्तरच्या दशकातल्या एका हिवाळ्यात काकांनी फार गोड चाल बांधली. मला हेवा वाटला, आणि असल्या चालीला माझ्या शब्दांसाठी थांबावं लागतं, याची गुर्मीही होती. त्यांच्या मुलीला सासरच्यांनी दोन महिन्यांत परत पाठवलं होतं. काका चहा सांगायला बाहेर गेले तसं मी भरताड म्हटलं:

'पेटीवाल्याची पोर आली, आली माघारी,
नको झाली सासरी, बाई, बसली बापाच्या दारी.'

सगळे पोट धरून हसले. सोंगाड्यानं तर दोनदा म्हणवून घेतलं. पुढं मी पेरणीवरचे खरे शब्द लिहून दिले, चांगले लिहिले, आणि ते भरताड विसरून गेलो.

वडूजच्या जत्रेत सोंगाड्या ऐनवेळी अडखळला आणि त्याच्या तोंडातून भरताडच बाहेर पडलं. लोक खदाखदा हसले. काकांनी मान खाली घातली, पण पेटी थांबवली नाही. पेटी थांबली की गाणारा तोंडघशी पडतो, ते त्यांच्यानं झालं नसतं. वन्समोअर आला, तेव्हाही वाजवली. मी पडद्याआड उभा होतो. माझ्या ओळीला वन्समोअर मिळाला, याचा मला आनंद झाला. त्याची लाज आजही वाटते.

गाणं तासगावला पोचायला आठवडाही लागला नाही. मुलीला मिरजेकडचं दुसरं स्थळ आलं होतं. पाहुणे चहा पीत बसले असताना शेजारच्या परसात कुणी बाई कपडे आपटत तेच म्हणत होती. पाहुण्यांनी नीट ऐकून घेतलं आणि निघून गेले. पुन्हा निरोप आला नाही.

काकांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. मुलगी मात्र एकदा तासगावच्या स्टँडवर भेटली. भांडेल म्हणून मी चपापलो.

"दादा, त्या चालीवर तुमी खरं काय लिवलं व्हतं?"

मी तिथंच चारी ओळी म्हणून दाखवल्या. तिनं शेवटपर्यंत ऐकल्या.

"लय चांगलं हाय," ती म्हणाली. "पर हे कुणाला पाठ हाय?"

मला सोडून कुणालाच नव्हतं.