वळणावर न कलणारी गाडी

अनिकेतचा फोन आला तेव्हा मी भाईंदर पूर्वेला आमच्या स्टेशनरीच्या दुकानाचं शटर वर करत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो बोलू शकला... सकाळी चहा टाकायला उठलेली शैलाताई ओट्याशीच कोसळली होती. रिक्षात मी काय विचार करत होतो ते आठवत नाही. पूनम सागरला तिच्या बिल्डिंगच्या आवारात शिरलो, समोर तिची लाल, दोन सीटची गाडी दिसली. त्याला आता सहा आठवडे झाले.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. एका इंजिनिअरिंग कंपनीत तिने तीस वर्षं यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. भावोजी लवकर गेले, अनिकेतला तिने एकटीने वाढवलं. रिटायर झाल्यावर तिने काय करावं, तर एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. जमिनीला टेकलेली, आत बसायला कमरेत वाकावं लागणारी. सोसायटीतले लोक हसले, मीही हसलो. "आयुष्यभर मशीनचे तुकडेच काढत बसले रे बाळ्या," ती म्हणाली, "एक अख्खं मशीन हवं होतं मला."

त्या गाडीत मी मात्र बसत नव्हतो. त्याआधी चार वर्षं गावाहून परतताना घाटातल्या वळणावर माझी गाडी उलटली होती. चालवत मीच होतो. मला नुसतं खरचटलं, बायकोचा हात दोन ठिकाणी मोडला. तेव्हापासून वळणावर गाडी जरा कलली की माझ्या तळहातांना घाम सुटायचा, श्वास अडकायचा. आमचं गाव राजापूरकडे, डोंगरात. ट्रेनने गेलं तरी स्टेशनापासून पुढे तासभर वळणंच वळणं. आई तिथे चुलतभावाकडे राहते. तिला प्रवास झेपत नव्हता आणि मला रस्ता. चार वर्षं आम्ही मायलेक फोनवरच बोलत होतो.

एका रविवारी ताईकडे जेवायला गेलो, तर टेबलभर कागद पसरलेले. म्हणाली, "बार निवडतेय."

"या वयात?"

ती खळखळून हसली. मग एक तार वाकवून तिची दोन टोकं तिने माझ्या हातांत दिली. "एक हात वर कर, एक खाली. तार पिळली जाते ना? गाडीखाली असाच पोलादी दांडा असतो. गाडी वळणावर झुकायला लागली की तो पिळला जातो आणि तिला धरून ठेवतो. कंपनीचा आहे तो बारीक आहे. बाहेरून जाड आणून बसवायचाय." तिचा छंद, असं समजून मी पुढ्यातल्या वालाच्या उसळीकडे वळलो.

हाटकेशला सलीमभाईंचं गॅरेज आहे. तिथे मी तिच्याबरोबर तीनचारदा गेलो असेन. सलीमभाईंचं म्हणणं सोपं होतं, "दीदी, आगे-पीछे सबसे मोटा डाल दो. गाडी एकदम चिपक के चलेगी." ताईला ते पटेना. मागचा दांडा फार जाड घेतला तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट बाहेर जाईल, आणि खड्ड्यात एक चाक गेलं की हिसका दुसऱ्यालाही बसेल, हे ती कागदावर रेघा मारून सांगायची. सलीमभाईंनी मागवलेला पहिला दांडा सायलेन्सरच्या पाइपला घासणार, हेही तिने तो लावण्याआधीच सांगितलं. लावला, घासला. त्या दिवसापासून सलीमभाई तिच्यासाठी स्टूल पुसून ठेवू लागले. शेवटी तिने पुढचा थोडासाच जाड घेतला आणि मागचा टोकाशी तीन भोकं असलेला, म्हणजे कमीजास्त कडक करता येणारा. तोही तिने सगळ्यात मऊ भोकावर लावून घेतला.

"इतना सोच के... रेस में जाना है क्या दीदी?" सलीमभाईंनी विचारलं.

"नहीं. भाई को माँ के पास ले जाना है."

मी तिथेच चहाचा ग्लास घेऊन उभा होतो. मला राग आला. सगळ्यांदेखत माझी भीती अशी उघडी पडली म्हणून असेल. "मला विचारलंस तरी का?" म्हणून मी रिक्षा पकडून निघून आलो. दोन दिवस तिचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ती दुकानासमोर गाडी लावून आत आली. "गावाला नको येऊस. उत्तनपर्यंत चल. नाही जमलं तर परत आणून सोडते."

बसलो. उत्तनच्या वळणांवर मी दाराची कडी घट्ट धरून होतो. खड्ड्यांतून गाडी चांगलीच दणकत होती, पण वळणावर ती पाटासारखी सरळ राहिली. परतताना कडीवरचा माझा हात सुटला होता.

दिवाळीआधी आम्ही गावाला निघालो. घाट लागला तसे मी डोळे मिटले.

"उघड डोळे. वळण संपलं."

"खोटं बोलतेस."

"बरं, अर्धं संपलंय."

मला हसू फुटलं, आणि हसताना डोळे उघडले... घरी पोचलो तेव्हा आईने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि कितीतरी वेळ हात काढलेच नाहीत. ताई उगाचच डिकीतलं सामान इकडचं तिकडे करत राहिली. परतताना सपाट रस्ता लागल्यावर तिने गाडी कडेला घेतली, उतरून माझ्या बाजूला आली आणि किल्ली पुढे केली. त्यानंतर कित्येकदा मी तिच्या शेजारी बसून चालवली. पण एकट्याने कधीच नाही.

ताई गेल्याचं आईला चुलतभावाने सांगितलं. चार दिवसांनी आईचा फोन आला. म्हणाली, "तू ये." अनिकेतने गाडीचे कागद माझ्या हातात ठेवले. "मामा, मी विकणार नाही. तुम्ही न्या."

गेल्या रविवारी गाडी हाटकेशला नेली, तीही सलीमभाईंचा ठेंगणा पोऱ्या येऊन घेऊन गेला. मी मागून रिक्षाने गेलो. सलीमभाईंनी गाडीखाली जाऊन दांड्याचे सगळे नट तपासले. वर येऊन हात पुसत म्हणाले, "टाइट है. दीदी हर महीने खुद झुक के देखती थी."

मी चालवायला बसलो. ताई माझ्या खांद्याला लागायची, सीट तिने पार पुढे ओढलेली. माझे गुडघे वर आले. सलीमभाईंनी वाकून सीटखाली हात घातला. "पीछे कर दूँ?"

"रहने दो," मी म्हणालो. "घरापर्यंत अशीच नेतो. घाटाआधी घेईन मागे."