अमावस्येचं विमान

नुसतं बल्बकडं बघून तारेतून किती व्होल्ट येताहेत ते सांगणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, लोक अक्षता मुठीत धरून माझ्याकडं बघत होते आणि हे गृहस्थ मान वर करून मांडवातल्या बल्बकडं टक लावून बसले होते. अंतरपाट निघाला, टाळ्या झाल्या, वाजंत्री वाजली. पहिल्यांदा कानाशी कोण आलं असेल, तर हे. मला वाटलं, थोरला साडू आहे, काहीतरी संसाराचं सांगणार. तर म्हणाले, "एकशे ऐंशीच येतंय. लाऊडस्पीकर जळंल, सर." आणि खरंच जळला. मंडपवाल्याचं तोंड मला अजून आठवतं.

घाटनांदूरला त्यांची पिठाची गिरणी. मी अंबाजोगाईला शाळेत गणित शिकवत असे, म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्यांचा 'सर' आणि ते माझे 'साडूभाऊ'. ते दिवस असे होते, की देशात एकाएकी सगळंच मिळायला लागलं होतं. ज्या चौकात रॉकेलला रांग लागायची, तिथं थंड पेयांच्या बाटल्या लटकायला लागल्या. एस.टी.डी.च्या पिवळ्या डब्यातून माणसं मुंबईला फोन करायला लागली. आणि एका दिवशी साडूभाऊंनी लातूरहून कॉम्प्युटर आणला. आणला तो लेकीसाठी, ती तेव्हा अकरावीत होती. पेटी घरात आली तेव्हा माझ्या मेहुणीनं, म्हणजे आमच्या ताईंनी, तिला हळदकुंकू वाहिलं, लेकीनं बटण दाबलं, आणि त्यानंतर त्या पोरीचा हात काही त्या यंत्राला फारसा लागला नाही. कारण दुकानदारानं एक सीडी फुकट दिली होती आणि तीत विमान चालवायचा खेळ होता.

साडूभाऊ तोवर विमानात बसले नव्हते. विमान जवळून पाहिलंही नव्हतं. पण त्या खेळात एका परदेशी शहरातून विमान उडवायचं आणि सव्वादोन तासांनी दुसऱ्या परदेशी शहरात नेऊन उतरवायचं, हे वाचल्यावर त्यांच्या अंगात आलं. "माझ्या माघं दोनशे माणसं बसल्यात," ते ताईंना म्हणायचे, "अन् तू चहा कावून विचारायलीस?" विमान उडेपर्यंत जेवायचे नाहीत. दोनशे माणसं जमिनीवर सुखरूप उतरवायची एवढी एकच इच्छा त्या माणसानं पुढची दोन वर्षं उराशी धरली, आणि ती काही केल्या पुरी होईना.

आधी विमान उडेचना. धावपट्टीवर निम्मं पळालं की पडदा गोठायचा. साडूभाऊंनी कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत डोकं घातलं. त्यांना जगातली दोनच यंत्रं कळत, गिरणी आणि जी गिरणीसारखी आहेत ती. त्यांनी मला समजावलं, "हे बघा सर. हा प्रोसेसर म्हंजे दगड. ही रॅम म्हंजे वर धान्य वतायची पेटी. दगड चांगला हाय, पर पेटी ल्हान हाय. दळण उतू चाललंय." मी गणिताचा माणूस, मला हसू आलं. पण लातूरहून दुप्पट रॅम आणून बसवली आणि विमान उडालं! तेव्हापासून कॉम्प्युटरबद्दल त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडून दिलं.

उडालं, पण वर गेल्यावर अडखळायला लागलं. एक चित्र दिसायचं, मग आवंढा गिळावा इतका वेळ काहीच नाही, मग दुसरं चित्र. मग ग्राफिक्स कार्ड आलं. ते कार्ड साडूभाऊंनी एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं, खड्डा आला की वर उचलायचे. कार्डाला गरम व्हायची खोड होती म्हणून पंखा आला. पंखा आला तसं गिरणीतलं पीठ आत खेचायला लागला, कारण कॉम्प्युटरची खोली आणि गिरणी यांच्यात एकच भिंत, आणि तीही वरून उघडी. म्हणून मग ताईंच्या जुन्या पातळाचा तुकडा पंख्याला बांधला. दर रविवारी सायकलच्या पंपानं आतली सफाई. तरी एकदा लातूरच्या दुकानदारानं पेटी टेबलावर उपडी केली आणि पडलेल्या पिठाचा हातानं ढीग केला. मग म्हणाला, "काका, ह्याच्यात दोन भाकरी व्हत्यात." साडूभाऊंना राग आला तो पीठ निघाल्याचा नाही, भाकरी म्हटल्याचा. "नीट बघ की बे," ते म्हणाले, "गहू हाय त्यो!"

आता विमान उडत होतं, सरळ चालत होतं. पण उतरायच्या वेळी ते शहर दिसायचं, त्यातल्या इमारती, रस्ते, दिवे, आणि सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं की यंत्र खट्दिशी बंद पडायचं. हाताशी आलेलं शहर नाहीसं व्हायचं. साडूभाऊ विमान चालवायचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, सोडून कपाळाला हात लावायचे. लातूरचा दुकानदार म्हणाला, कार्ड जास्त वीज खातंय, पॉवर सप्लाय मोठा घ्या. मोठा घेतला. मग तो मोठा म्हणायला लागला, मला पूर्ण व्होल्टेज पाहिजे. स्टॅबिलायझर आला. यूपीएस आला, तो दोन मिनिटं शिट्या मारून मान टाकायचा. एका खेळण्यापायी घरातली अर्धी खोली डब्यांनी भरली.

वीज नेमकी जाते कुठं, याचाही त्यांनी छडा लावला. ताईंना मीटरसमोर पाटावर बसवलं आणि चकतीचे फेरे मोजायला सांगितलं. आतून हे ओरडायचे, "चढलो!" बाहेरून ताई ओरडायच्या, "अठ्ठावीस!" "ढगात शिरलो!" "अहो, पळायलीय लई, मोजता येईना!" त्यावरून सिद्ध झालं की सगळ्यांत जास्त वीज ढग खातात. साडूभाऊंनी खेळातले ढग बंद करून टाकले. मी म्हणालो, "साडूभाऊ, निदान तिथं तरी पाऊस पडू द्यायचा." तर शांतपणे म्हणाले, "आपल्याकडं कुठं चालू हायत, सर?" बीड जिल्ह्यात त्या साली ते खरंच बंद होते.

ढग गेले तरी शहर काही सोसेना. शेवटी खरं दुखणं त्यांनी बल्बकडं बघूनच ओळखलं. गावात गिरण्या तीन. तिन्ही चालू असल्या की बल्ब संत्र्याच्या रंगाचा व्हायचा, आणि त्या विजेत दोनशे माणसं उतरणं शक्यच नव्हतं. स्वतःची गिरणी बंद ठेवून भागत नव्हतं, बाकीच्या दोन चालूच. तिन्ही एकदम बंद राहायच्या त्या फक्त अमावस्येला. त्या दिवशी गावात कुणी औत धरत नाही, कुणी दळण घालत नाही, गिरणीचा पट्टा उतरवून ठेवतात. म्हणजे वर्षाला अमावस्या बारा, आणि त्यातल्या निम्म्या वेळा दुपारी लाईटच नसायची. साडूभाऊंनी कॅलेंडरवर अमावस्यांना तांबड्या पेन्सिलीनं गोल केले. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, दार लावून आत. आतून तासन् तास घर्र घर्र आवाज. गावात व्हायचं ते झालं. आमुशेला दार लावून बसतोय, काहीतरी करणी करतोय, असं बायका बोलायला लागल्या. एका म्हातारीनं तर ताईंना गाठून विचारलं, माझ्या सुनेवर कुणी काय केलंय ते तुझ्या मालकाला बघाया सांगशील का? ताई इतक्या शरमल्या, की चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

दोन वर्षांत अमावस्येची म्हणून आठ उड्डाणं झाली आणि एकही उतरलं नाही. कधी लाईट गेली, कधी कुणाच्या विहिरीवरची मोटार चालू झाली. त्यातच लेक बारावी झाली आणि तिला लातूरला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. पहिले काही महिने तिनं मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर काढले. दिवाळीला आली तेव्हा बापाला म्हणाली, "बाबा, मला तो लागणार हाय." एवढंच म्हणाली. साडूभाऊंनी लगेच होकार दिला, वर कार्ड काढूनसुद्धा घेणार नाही म्हणाले. मागितली ती एकच सवलत, पुढची अमावस्या होऊ दे. दुसऱ्या दिवशी मी यंत्र लातूरला पोचवायचं ठरलं, म्हणून त्या अमावस्येला मीही घाटनांदुरात होतो.

लाईट एकला आली आणि चारला जाणार होती. दीड वाजता साडूभाऊंनी विमान उचललं. बल्बकडं बघून म्हणाले, "दोनशे तीस. आज देव हाय." ढगसुद्धा चालू केले होते त्यांनी, त्या दिवशी कसली कसर ठेवायची नव्हती. मी शेजारी स्टुलावर, ताई दारात. साडेतीन वाजले, विमान खाली यायला लागलं, ढग फाटले आणि शहर दिसलं. यंत्र बंद पडलं नाही! इमारती, रस्ते, दिवे, सगळं लोण्यासारखं सरकत होतं. साडूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं नाही सांगत.

तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली. डोक्यावर अर्धं पोतं घेऊन एक बाई उभी होती, घामानं भिजलेली. ऊसतोडीची. मुकादमाचा ट्रक उद्या येणार होता, तो आजच आला होता आणि पाचला निघणार होता. घरात पीठ नव्हतं. "दोन्ही गिरण्या हिंडून आले," ती ताईंना सांगत होती, "आमुशा म्हणून कुणी पट्टा चढवंना. वाटंत दोन दिस लेकरांच्या तोंडात काय घालू, आक्का?" ताईंनी आत बघितलं. मीही साडूभाऊंकडं बघितलं. विमान टेकायला अजून पाच-सात मिनिटं होती, आणि अर्ध्या पोत्याला वीस तरी लागणार. चारला लाईट जाणार, आणि उरलेल्या विजेत एक तर विमान उतरणार होतं, नाहीतर जवारी दळून होणार होती.

साडूभाऊंनी पडद्याकडं बघितलं. मग उठले.

"सर, धरा," ते म्हणाले.

"अहो, मला काय येतंय? मी सायकलवरून पडलेला माणूस!"

"सरळ धरा. चाकं सोडल्यात. पट्टी दिसली की नाक जरासं वर. बास." दारात थांबून पुन्हा वळले. "दोनशे माणसं हायत, सर."

ताई हळूच म्हणाल्या, "अहो, आमुशेला पट्टा चढवताव?"

"आमुशेचं माझं मी बघतो. ट्रक थांबत न्हाई."

भिंतीपलीकडं पट्टा चढला, मोटारीनं हुंकार दिला, बल्ब संत्र्यासारखा झाला आणि यूपीएस शिट्या मारायला लागला. दोन मिनिटं! दांडा माझ्या हातात घामानं निसटत होता. मी सरळ धरायचं म्हणून डावीकडं गेलो, डावं सावरायला उजवीकडं. पट्टी दिसली ती तिरकी. नाक वर केलं की खाली काय आहे ते दिसेना. पलीकडं दगडावर जवारी घरघरत होती, इकडं शिट्या जवळजवळ यायला लागल्या, जमीन मोठी मोठी होत गेली आणि पडदा मिटून मधोमध एक पांढरा ठिपका राहिला. मग तोही विझला. विमान तेव्हा हवेतच होतं. किती वर ते मला सांगता येणार नाही, पण हवेतच होतं.

दळण पुरं झालं आणि चारला लाईट गेली. बाईनं पोतं उचललं, गिरणीच्या उंबऱ्याला हात लावून कपाळाला नेला आणि ती जवळजवळ पळतच गेली. साडूभाऊ आत आले. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. काळ्या पडद्यासमोर उभे राहिले आणि काही विचारायचं धाडस त्यांना होईना. आयुष्यात त्या माणसाला इतकं भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं.

"उतरलं," मी म्हणालो.

"काय म्हणता?"

"चाकं टेकली, साडूभाऊ. मगच पडदा विझला. तुम्ही सगळं केलंच होतं, मी नुसतं धरलं."

"धक्का किती बसला?"

"पोटातलं पाणी हललं नाही."

ते मटकन खाली बसले आणि हसायला लागले. ताईंना हाक मारली. "ऐकलंस का? समदी उतरली!" ताई चहा ठेवायला आत गेल्या, पण जाताना माझ्याकडं बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र रजईत गुंडाळून मी लातूरला नेलं. एस.टी. सुटताना साडूभाऊ खिडकीशी आले आणि लेकीसाठी एकच निरोप दिला, की वर्गातली वीज कशी आहे ते आधी बघून घे म्हणावं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांनी पुन्हा कॉम्प्युटर घेतला नाही. लेकीनं दोनदा देऊ केला, तरी नको म्हणाले. उतरवायचं ते उतरवून झालं, आता कशाला? पण सणावारी आम्ही भेटतो, जेवणं होतात, बायका आत जातात, आणि ओसरीवर सुपारी कातरता कातरता ते हळूच विचारतात, "सर, त्या दिवशी चाकं टेकली व्हती न्हवं?" मी म्हणतो, "टेकली होती की." "चांगली टेकली व्हती?" "चांगली टेकली होती, साडूभाऊ." मग ते पुन्हा सुपारी कातरायला लागतात. विचारताना ते एकदाही माझ्या तोंडाकडं बघत नाहीत. बघितलं असतं, तर मला खोटं बोलता आलं नसतं.