दुपारी तीनची मध्यरात्र

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं हळदीचं एक जुनं गोदाम आहे. तिथं दर शनिवारी दुपारी तीन वाजता 'मध्यरात्र' सुरू होते आणि सात वाजता संपते. हे क्लबाचं नाव. चाळीस वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या पोरांनी ते ठेवलं, आणि त्या क्लबानं आजवर खरी मध्यरात्र एकदाही बघितलेली नाही. कारण साधं होतं. मुलींच्या हॉस्टेलचं फाटक साडेसातला बंद व्हायचं. मुली नाहीत तर नाच कसला, आणि मुली हव्यात तर रात्र कसली? क्लबाचे संस्थापक कोण असं विचारलं तर भिंतीवरच्या फोटोतली सहा पोरं दाखवतात. पण खरा संस्थापक म्हणजे ते फाटक. चाळीस वर्षांत ते अर्ध्याच तासानं पुढं सरकलंय.

या क्लबाच्या दारात हरणाबाई बसते. वय सहासष्ट, नेसायला नऊवारी, तोंडात मिश्री. पुण्यामुंबईच्या असल्या क्लबांत दारावर काळ्या कपड्यांतले पैलवान उभे असतात म्हणे. इथं ही एकटी पाटावर बसलेली असते आणि येणाऱ्याला दोनच शब्द बोलते : "चप्पल काढ."

हरणाबाई मूळची म्हसवडची, धनगराची. लग्न होईपर्यंत ती मेंढरांमागं चालली. लग्न झालं आणि नवरा हळदीच्या बाजारात हमाली करायला सांगलीला आला, म्हणून तीही आली. गोदामात त्या वेळी धोंडुबाईची मेस होती. भाकऱ्या थापायला बाई पाहिजे होती, हरणाबाई तिथं लागली. धोंडुबाई नवऱ्याला, पोलिसाला आणि देवाला एकाच पट्टीत बोलायची. तिचा नियम एकच होता : पंगत बसते तिथं चप्पल न्हाई.

सहा पोरांचा म्होरक्या वीरधवल हा फलटणकडच्या बागायतदाराचा मुलगा. दोन वर्षं एकाच वर्गात बसून त्याचा अभ्यास पक्का झाला होता. पुण्याहून त्यानं मोठा टेपरेकॉर्डर आणला आणि शनिवार दुपारसाठी मेस मागितली. धोंडुबाई म्हणाली, "नाचा, न्हाईतर डोक्यावर उभं ऱ्हावा. चप्पल भायेर." झालं. त्या दिवसापासून मध्यरात्रीत सगळे अनवाणी नाचतात.

पहिल्या शनिवारी मात्र कुणीच नाचलं नाही. पोरांनी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. त्यांतून उन्हाचा असा पिवळा उजेड आत आला की चौदा पोरं एका भिंतीला आणि पाच पोरी दुसऱ्या भिंतीला, मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखी बसून राहिली. मधे टेपरेकॉर्डर एकटाच ओरडत होता. हरणाबाई परातीत पीठ मळता मळता बघत होती. मेंढरांचं तिला ठाऊक होतं, उघड्यावर नवं मेंढरू कळपात मिसळत नाही. अंधार पडला, भोवती वाघरीचं जाळं लागलं, की आपोआप अंगाला अंग लावून बसतं.

पुढच्या शनिवारी ती सात घोंगडी घेऊन आली. दोन घरची आणि पाच भावकीची. भावकी तेव्हा मिरजेच्या माळावर मेंढरं घेऊन उतरली होती. आतल्या सहा खिडक्यांना सहा आणि पडवीत चपला ठेवतात तिथल्या खिडकीला सातवं, दाराचा पडदा हलला तरी ऊन आत जाऊ नये म्हणून. काळ्या लोकरीचं, चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडं एकदा खिडकीवर पडलं की सूर्याचं काही चालत नाही. आत मेंढरांचा वास सुटला, डोळ्याला डोळा दिसेना, आणि पोरं नाचायला लागली. घोंगडी परत करायची राहून गेली.

गोदामाच्या फरशीत पन्नास वर्षांची हळद मुरलेली. अनवाणी नाचलं की तळवे पिवळे व्हायचे. साबण लावावा तर लाल. हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना हे कळलं तेव्हा त्या शनिवारी फाटकात उभं राहून एकेकीचे तळवे बघायला लागल्या. मग पोरी नाचून झाल्यावर कृष्णेच्या घाटावर पाय उन्हात धरून बसायच्या, कारण हळद उन्हानं उडते. गावातल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, कॉलेजात योगासनं शिकवतात. त्या अंधारात अकरा लग्नं जमली. त्यातली चार पुढं उजेडात मोडली.

धोंडुबाई गेली, मेस बंद पडली, वीरधवलनं गोदाम घेतलं, क्लब चालू ठेवला आणि हरणाबाईला दारात बसवलं. हरणाबाईचा नवरा गेला, मुलगा मोठा झाला, रेश्मा सून म्हणून आली. टेपरेकॉर्डर जाऊन त्याच्या जागी काय काय आलं. महापूर आला तेव्हा गोदामात माणूसभर पाणी होतं, आणि हरणाबाई आदल्या दिवशी कुणी न सांगता घोंगडी आढ्याला बांधून गेली होती. दारू पिऊन आलेल्याचं तोंड हुंगून ती त्याला परत पाठवायची. एकदा एका आमदाराच्या भाच्याला पाठवलं. तो म्हणाला, "मी कोण हाय म्हायती हाय का?" ती म्हणाली, "व्हय. आतल्या पोरींस्नीबी कळंल, इतका वास येतोय."

तिनं चपलांना कधी टोकन दिलं नाही. दोनशे मेंढरांतलं आपलं कुठलं हे जी चालीवरून सांगायची, तिला दीडशे जोड काय जड? माणूस बाहेर आलं की तिचा हात बरोबर त्याच्या चपलेवर जायचा.

जायचा, म्हणजे गेल्या वर्षापर्यंत. अलीकडं पडवीतल्या अंधारात तिला सगळ्या चपला एकाच काळ्या ढिगासारख्या दिसायला लागल्या होत्या. गेल्या महिन्यात प्रांजल नावाची खंडाळ्याची पोरगी कुणा पोराच्या दोन नंबर मोठ्या चपला घालून हॉस्टेलला गेली आणि फाटकातच पकडली गेली. हरणाबाईनं खापर फोडलं ते जमान्यावर : "समद्यांच्या चपला एकाच कारखान्यातल्या. मानसानं वळखायचं कसं?" डोळ्यांचं तिनं कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की घरी बसवणार. आणि घरी बसायचं म्हणजे रेश्माच्या टीव्हीसमोर बसायचं. रेश्मा वाईट नव्हती, मालिका वाईट होत्या.

आता क्लब वीरधवलचा मुलगा इंद्रजित बघतो. पोरगा चांगला. पुण्यात कंपनीत होता, परत आला. त्यानं मिरज रोडला एक हॉल बघितला होता. गार हवा, रंगीत दिवे, एकही खिडकी नाही. वेळ रात्री आठ ते बारा.

"तिथं बूट घालूनच आत," तो म्हणाला. "मावशी, चाळीस वर्षं झाली. आता तुम्ही आराम करा."

"आराम आजारी मानसानं करावा," हरणाबाई म्हणाली. "आन् रातच्याला पोरी येनार हायत का? फाटक आठाला लागतंय."

"पोरी बाहेरच्या येतील मावशी. नोकरीवाल्या."

"मंग त्यो क्लब न्हवं, हापीस झालं."

पण चाळिसाव्या वर्षाचा शनिवार जुन्या जागी करायचा हे त्याचं ठरलं होतं. जुने मेंबर येणार होते. आणि त्या कार्यक्रमासाठी, निव्वळ चांगुलपणानं, इंद्रजितनं सातही घोंगडी उतरवून मोठ्या मशीनच्या लाँड्रीत धुवायला दिली. चाळीस वर्षांत कुणी धुतली नव्हती. वडिलांच्या मित्रांना वास नको.

मंगळवारी घोंगडी परत आली. हरणाबाईनं गठ्ठा सोडला आणि एक घोंगडं हातानं मोजलं. सहा हाताचं चार हाताचं झालं होतं. गरम पाण्यानं लोकर आळली होती, खळ निघून गेली होती. वास गुलाबाचा येत होता.

"मेंढरू कुनी उकळून धुतंय व्हय रं?" ती म्हणाली.

इंद्रजितनं एक घोंगडं खिडकीला लावून बघितलं. चारी बाजूंनी वीतवीत ऊन आत आलं. त्याचा चेहरा पडला. मग तो म्हणाला, "जाऊ दे मावशी. आता कार्यक्रम नव्या हॉललाच करू. रात्री. आणि पुढं तिथंच चालू ठेवू."

"शनवारी तीनला हितं अंधार पडला तर?"

"चार दिवसांत कुठून पडणार?"

"पडला तर?"

पोरगा स्वतःच्या चुकीनं मऊ झालेला होता. "पडला तर इथंच चालू राहील," तो म्हणाला. "शब्द."

बुधवारी पहाटे हरणाबाई विट्यावरून म्हसवडला गेली. तिथं माळावर तिचा धाकटा भाऊ तात्याबा राहतो. आता निम्मं डाळिंब आणि निम्मी मेंढरं. तो बाजेवर घोंगडं पांघरून चहा पीत बसला होता.

"आक्का, ह्या वक्ताला? कोन मेलं?"

"कोन मेलं न्हाई. घोंगडी पायजेत. सात."

तात्याबानं बशी खाली ठेवली. "चाळीस वर्सामागं पाच न्हेलीस. ती अजून वाटंतच हायत."

"ती धुतली."

"धुतली?" तात्याबानं तिच्याकडं अशी मान वळवली की जणू तिनं म्हैस रंगवली असं सांगितलं होतं. "कुनी?"

"इंजिनेरानं. म्हंजी, इंजिनेराच्या पोरानं."

"तरीच. आन् तुला यवढी कशाला लागत्यात गं?"

हरणाबाईनं आजवर माहेरी 'मेसला लागतात' एवढंच सांगितलं होतं. आता सहासष्टाव्या वर्षी लपवून काय मिळवायचं. "पोरंपोरी नाचत्यात," ती म्हणाली.

"घोंगडं घिऊन? गजीढोलावर?"

"न्हाई रं. घोंगडं खिडकीला."

तात्याबानं थोडा विचार केला. "म्हंजी खिडकीला थंडी वाजती."

"अंधार करायला, येड्या."

"मंग रातीचं का नाचत न्हाईत? रातीला अंधार फुकट मिळतोय."

याचं उत्तर फाटकापासून सुरू झालं आणि संपेपर्यंत दुसरा चहा झाला. सगळं ऐकून तात्याबा म्हणाला, "म्हंजी शिकल्याली मानसं दिवसाढवळ्या खिडक्या झाकून रात करत्यात आन् तू तितं राखन बसतीस. आनी आपला आबा म्हनायचा, पोरगी सांगलीत सुकात हाय."

"हाय की," हरणाबाई म्हणाली.

तात्याबा उठला, ट्रंक उघडली. पोरं आता बाजारची मऊ ब्लँकेटं पांघरत होती, त्यामुळं ट्रंकेत सहा घोंगडी नुसती पडून होती. कडक, काळी, वासाला पक्की. त्यानं ती बांधून दिली. मग स्वतःच्या खांद्यावरचं काढून वर ठेवलं. "हे सातवं. घे. माझ्या घोंगड्यानंबी जरा नाच बघावा."

हरणाबाईनं ते हातात घेतलं, बोटानं वीण चाचपली. गठ्ठ्यावर ठेवलं. पुन्हा उचललं. मग परत त्याच्या खांद्यावर टाकलं.

"ऱ्हाऊ दे. तुला लागंल."

"म्हातारपनी लय माया उतू चाललीया," तात्याबा म्हणाला.

शनिवारी अडीच वाजता ती शिडीवर चढली. शिडी इंद्रजितनं धरली, शिव्या तिनं दिल्या. सहाव्या खिडकीवर घोंगडं पडलं आणि गोदामात पाऊल टाकायला हात पुढं करावा लागेल असा अंधार झाला. मेंढरांचा वास सुटला.

तीनला लोक यायला लागले. टकलं पडलेले, चष्मेवाले, नातवंडांचे फोटो खिशात असलेले इंजिनिअर. आणि त्यांच्यामागून आत्ताची पोरंपोरी, जी दर शनिवारी येतातच. वीरधवल फलटणहून आला. दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी. दारात थांबला.

"हरणाबाई, ओळखलं का?"

"बूट काढ."

"वाकता येत नाही गं आता."

"मंग बस. पोरगा काढंल."

इंद्रजितनं खाली बसून बापाचे बूट काढले. बाप काठी टेकत, लेंग्याखाली अनवाणी, अंधारात गेला आणि लगेच कुणाच्या तरी पायावर पाय दिल्याचा आवाज आला. आतून एक म्हातारी हसली. त्या हसण्यावरून वीरधवलनं तिचं नाव घेतलं, लग्नाआधीचं.

इंद्रजित पडवीत उभा होता. गोदाम भरलं होतं. जागा कमी पडून काही जण मागच्या भिंतीला चिकटून नाचत होते. मग त्यानं मान वर केली. चपलांच्या वरची सातवी खिडकी उघडी होती. पश्चिमेचं ऊन तिरपं आत येऊन चपलांच्या रांगांवर पडलं होतं. सहाच्या सहा रांगा, प्रत्येक पट्टा, प्रत्येक टाच लख्ख. कुणी आत जाताना पडदा हलला की त्या उन्हाची एक पट्टी आत जाऊन पुन्हा बाहेर यायची.

"मावशी, सातवं?"

"तात्याबाकडं सहाच निघाली."

"थोडा उजेड आत जातोय."

"जाऊ दे. म्हाताऱ्या मानसांस्नी जरा दिसूं दे, कुनाचा हात धरलाय ते."

तो हसला. मग म्हणाला, "आणि नव्या हॉलचं काय करू?"

"तितं वाढदिवस लाव. पोरांचं. गार हवंत फुगं चांगलं टिकत्यात."

साडेसहाला प्रांजल बाहेर आली. घाम आलेला, तळवे पिवळे. गेल्या महिन्याचा धसका मनात होताच. "मावशी," ती म्हणाली, "माझ्या त्या तपकिरी, डावीचा पट्टा तुटलाय आणि—"

ती सांगत होती तोवर हरणाबाईनं तिसऱ्या रांगेतून जोड उचलून तिच्या पुढ्यात ठेवला होता. पट्टा तिनं दोऱ्यानं टाचूनही ठेवला होता.

"चल, पळ," ती म्हणाली. "आन् फाटकात बाईनं पाय बघितलं तर सांग, यार्डात हळद बघाया गेल्ते."

"मावशी, हळदीला कोण जातं बघायला?"

"बाईला काय म्हायती? ती कवा नाचलीया?"

पोरगी गेली. ऊन आकसत पुढं सरकून चौथ्या रांगेवर आलं. हरणाबाईनं पाट तेवढाच सरकवला.