नातीसाठी ओटचं पीठ

उद्यमबागेजवळच्या गिरणीत एक आप्पा मला दर रविवारी दिसायचे. फाउंड्रीत भाजलेले हात आणि त्यात दोन डबे. आधी ते घरचे तांदूळ दळून घ्यायचे, म्हणजे दगडांत अडकलेलं गव्हाचं पीठ निघून जायचं. त्या पिठाची भाकरी ते स्वतः खात. मग दळायचे ओट्स. परदेशातल्या नातीला गहू चालत नव्हता, म्हणून आप्पा ओटच्या पिठाची ब्राउनी, म्हणजे चॉकलेटचा केक, करायला शिकत होते.

एकदा त्यांनी मला घरून आणलेला तुकडा दिला.

"लई भारी झालंय, आप्पा. नात कधी येणार?"

"अजून काय ठरल्यालं न्हाय."

"मग दर आठवड्याला कशाला करताय?" मी उगाच विचारलं.

त्यांनी ओटच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"येईल तवा चार दिवसांसाठी येईल रं. त्यातबी शिकतच बसू व्हय?"